आधी विचारावे, मग वाढावे

घरातले वृद्ध माणूस जेवेनासे झाले, की सगळ्या घराचे लक्ष त्याच्या ताटाकडे लागते. किती घास गेले, किती टाकले, पाणी किती पोटात गेले, याचा हिशेब घरातला प्रत्येक जण मनातल्या मनात ठेवू लागतो. असा हिशेब ठेवणाऱ्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : ‘आता काय करून घालू?’ आज त्या प्रश्नाविषयीच लिहायचे आहे. मला स्वतःला त्याचे उत्तर पुण्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात मिळाले नाही. ते मिळाले कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहरात, तांदळाच्या शेवया वाढणाऱ्या एका लहानशा व्हिएतनामी उपाहारगृहात.

माझी आई तेव्हा 82 वर्षांची होती. बाबा गेल्यावर कोकणातले घर बंद करून ती माझ्याकडे पुण्याला आली. वर्षभरात तिला न्यूमोनिया झाला, आठ दिवस रुग्णालयात काढावे लागले. आजार बरा झाला. भूक मात्र तिच्याबरोबर घरी परतली नाही. सहा महिन्यांत तिचे वजन 46 किलोवरून 42 वर आले. सहा महिने ते वर्षभराच्या काळात, काही प्रयत्न न करता, मूळ वजनाच्या 5 टक्क्यांहून अधिक घट झाली तर ‘वय झाले, चालायचेच’ म्हणून ती सोडून देऊ नये, एवढे मला ठाऊक होते. त्यामुळे सगळ्या तपासण्या झाल्या. थायरॉइड, साखर, मूत्रपिंडे यांत काही दोष निघाला नाही. भूक मारणारे एक औषध डॉक्टरांनी बदलून दिले. वजन घटल्यामुळे कवळी सैल झाली होती, तीही दंतवैद्यांकडून नीट करून घेतली. ‘आता त्यांना आवडेल ते खाऊ द्या,’ असे डॉक्टर म्हणाले.

ते मी ऐकले आणि सोयीस्करपणे विसरले. मऊ भात, बिनतिखटाचे वरण, दुधीची भाजी आणि संध्याकाळी पेज हा आईचा आहार मी ठरवून टाकला होता. तिने लोणच्याच्या बरणीकडे पाहिले, तर मी म्हणायची, ‘तुला चालणार नाही, आई.’ काही दिवसांनी तिने बरणीकडे पाहणेही सोडले. मला वाटले, तिला माझे पटले.

त्या जुलैमध्ये माझ्या मुलीच्या बाळंतपणासाठी सॅन होजेला जायचे ठरले. आईला ठेवण्यासारखे दुसरे घर नव्हते आणि पणतू पाहण्याची तिची इच्छा होती. डॉक्टरांनी तपासून प्रवासाला परवानगी दिली. तिथे पोहोचल्यावर दहाव्या दिवशी, म्हणजे चातुर्मास नुकताच लागला असताना, जावई म्हणाले, ‘आजी, आज बाहेर जेवायला जाऊ. कांदा-लसूण नसलेली जागा आहे.’ आई चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगे खात नाही. आणि अमेरिकेतल्या उपाहारगृहात कांदा-लसूण नसेल, यावर तिचा विश्वास बसेना. केवळ त्या कुतूहलापोटी ती साडी बदलून तयार झाली.

सॅन होजेविषयी थोडे सांगायला हवे. व्हिएतनामबाहेरच्या कोणत्याही एका शहरात नसतील इतके, म्हणजे एक लाखाहून अधिक व्हिएतनामी वंशाचे लोक या शहरात राहतात. 30 एप्रिल 1975 रोजी सायगाव पडले आणि युद्ध संपले. त्यानंतरची कित्येक वर्षे माणसे विमानांतून, जहाजांतून, मासेमारीच्या होड्यांतून देश सोडत राहिली. त्यांतली पुष्कळशी कॅलिफोर्नियात स्थिरावली. शहराच्या पूर्व भागातील स्टोरी रोडच्या परिसराला तर ‘लिटल सायगाव’ असेच नाव आहे. दुकानांवरच्या पाट्या व्हिएतनामी, केशकर्तनालयातल्या गप्पा व्हिएतनामी, आणि दर काही पावलांवर ‘फो’ची पाटी.

फो म्हणजे तांदळाच्या चपट्या शेवया आणि त्यांवर ओतलेला उकळता, पातळ, सुवासिक रस्सा. विसाव्या शतकाच्या आरंभी हा पदार्थ उत्तर व्हिएतनाममध्ये, हनोई आणि नाम दिन्ह या भागांत आकाराला आला. 1954 मध्ये देशाची फाळणी झाली तेव्हा उत्तरेकडून लाखो लोक दक्षिणेत गेले आणि हा वाडगाही त्यांच्याबरोबर गेला. दक्षिणेने त्याच्याशेजारी हिरव्या पानांची थाळी ठेवली. 1975 नंतर तो समुद्र ओलांडून अमेरिकेत आला. मूळ पदार्थ गोमांसाच्या रश्श्याचा. पण व्हिएतनामी बौद्धांमध्ये शाकाहाराची जुनी परंपरा आहे. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, अनेक घरांत मांसाहार वर्ज्य असतो. शाकाहाराला ते ‘चाय’ म्हणतात आणि कडक चायमध्ये कांदा-लसूणही चालत नाही. जावई आम्हांला घेऊन गेले ती जागा अशा चाय पदार्थांची होती. हे ऐकल्यावर आई म्हणाली, ‘म्हणजे यांचाही चातुर्मास!’

ती जागा दिसायला अगदी साधी होती. मोटारी उभ्या करण्याच्या पटांगणाकडे तोंड करून असलेले एक दुकान, शेजारी कपडे धुण्याची यंत्रे असलेला गाळा, आत दहा-बारा मेजे. गल्ल्याजवळ एका कोनाड्यात देव्हारा, त्यात उदबत्ती आणि संत्री. मालकीण साठीच्या आसपासची होती. तिने आईकडे पाहिले, हात जोडल्यासारखे केले आणि म्हणाली, ‘चाओ बा.’

‘मला बा का म्हणते ही? बा म्हणजे बाप!’ आई माझ्या कानाशी लागली.

माझ्या मुलीने खुलासा केला. व्हिएतनामी भाषेत ‘बा’ म्हणजे आजी. त्या भाषेत बोलताना समोरच्याचे वय पाहून नाते जोडावे लागते. आजी, आजोबा, काका, आत्या, थोरला भाऊ, धाकटी बहीण असे काहीतरी म्हटल्यावाचून नीट बोलताच येत नाही. ‘मग बरोबर आहे,’ आई म्हणाली आणि खुर्चीत जरा सावरून बसली. रुग्णालयापासून ती सगळ्यांच्या लेखी ‘पेशंट’ होती. कोणी अनोळखी माणसाने तिला नात्याने हाक मारली, असे फार दिवसांनी झाले होते.

मालकिणीने पदार्थांचे पत्रक आणले आणि ते थेट आईसमोर ठेवले. मी लगबगीने म्हटले, ‘त्यांच्यासाठी तांदळाची पेज आणा. तिखट नको, मसाला नको.’ पेज तिथेही होती. व्हिएतनाममध्ये तिला ‘चाव’ म्हणतात आणि आजाऱ्याला, लहान मुलाला, वृद्धाला तीच देतात. मालकिणीने माझे ऐकून घेतले. पण लिहून घेतले नाही. ती आईकडे पाहत उभी राहिली. तिला घाई नव्हती. दुकानात गर्दी असूनही तिला घाई नव्हती, हे मला आजही आठवते.

आईने शेजारच्या मेजाकडे बोट केले. तिथे एक तरुण वाफाळलेल्या वाडग्यावर वाकला होता. ‘मला ते हवं,’ ती मराठीतच म्हणाली. ‘पेज नको. सहा महिने पेजच खातेय.’

भाषांतराची गरज पडली नाही. मालकीण हसली आणि आत गेली.

वाडगा आला तो आईच्या दोन्ही तळहातांत मावणार नाही एवढा. सोबत थाळीत हिरवी पाने, मोड आलेले मूग, लिंबाची फोड, मिरचीच्या चकत्या. वाफ चेहऱ्यावर आली तशी आईने डोळे मिटले. ‘अगं, हा तर गोड्या मसाल्याचा वास!’ तिचे म्हणणे फारसे चुकीचे नव्हते. फोच्या रश्श्यात बादियान, दालचिनी, लवंग, मसाला वेलदोडा आणि धने पडतात, आले विस्तवावर भाजून घालतात. उत्तर व्हिएतनाममधील लांग सोन हा प्रांत बादियानासाठी प्रसिद्ध आहे आणि भारत व्हिएतनामकडून बादियान व दालचिनी मोठ्या प्रमाणात विकत घेतो. आईने वर्षानुवर्षे कुटलेल्या मसाल्यातले एखादे फूल त्याच डोंगरांतून आलेले असू शकेल.

वय वाढते तशी वास घेण्याची शक्ती मंदावते. आणि आपण ज्याला चव म्हणतो, तिचा मोठा भाग वासाचाच असतो. म्हणूनच वृद्धांना ‘सगळे सारखेच लागते’. अशा वेळी त्यांच्या अन्नातून मसाल्याचा सुवास, आंबटपणा आणि पाल्याचा ताजेपणा काढून घेतला, तर उरलेले अन्न पचायला हलके असेल, पण खावेसे वाटणार नाही. मी नेमके हेच करत होते.

आईने हिरव्या थाळीतले एक पान उचलून चुरगाळले. ‘सब्जाचं पान आहे हे.’ खरोखर ती सब्जाच्याच जातीची तुळस होती. मग तिने घड्याळाकडे पाहिले, तिन्हीसांजेला खुडलेली तुळस चालेल का याचा क्षणभर विचार केला, आणि ‘मी थोडीच खुडली!’ असे म्हणून दोन पाने रश्श्यात टाकली. लिंबू स्वतः पिळले. मिरचीची एक चकती उचलली, माझ्याकडे पाहिले आणि तीही टाकली. मी काही बोलले नाही. तो वाडगा अशा रीतीने अर्धा स्वयंपाकघरात आणि अर्धा खाणाऱ्याच्या हातांनी पूर्ण होतो. किती आंबट, किती तिखट, किती हिरवे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. सहा महिन्यांत आईने आपल्या ताटातले काही स्वतः ठरवल्याचा तो पहिला प्रसंग होता.

शेवया लांब होत्या, चमच्यावर राहीनात. मालकीण एक स्वच्छ कात्री घेऊन आली, ती वाडग्याशी धरून थांबली आणि भुवया उंचावून आईला विचारले. आईने मान डोलावली, तेव्हाच तिने शेवया कापल्या. मग दोन्ही हातांनी वाडगा आईकडे किंचित सरकवत ती म्हणाली, ‘मोई बा अन.’

‘अन्न म्हणाली ती!’ आई चकित झाली. व्हिएतनामी भाषेत ‘अन’ म्हणजे खाणे. आपल्या ‘अन्न’ या शब्दाशी त्याचे नाते नाही, तो निव्वळ योगायोग आहे. वाक्याचा अर्थ ‘आजी, जेवावे’ असा होतो. अनेक व्हिएतनामी घरांत लहानांनी मोठ्यांना असे एकेकाला उद्देशून म्हटल्यावरच जेवण सुरू होते.

आईने त्या दिवशी अर्ध्याहून अधिक वाडगा संपवला. मी मात्र तिच्या घासांकडे पाहत राहिले आणि माझ्या वाडग्यातल्या शेवया फुगून गेल्या. मालकिणीने तो न विचारता उचलला आणि त्यात कढत रस्सा घालून परत आणून ठेवला. त्या दिवशी तिने न विचारता केलेली ती एकच गोष्ट.

इथे ही हकीकत संपवता आली असती, तर फार सुखाचे झाले असते. पण पुढच्या पंधरा दिवसांत आम्ही तिथे चार वेळा गेलो. आई रस्सा थेंबभर ठेवीना. पंधराव्या दिवशी तिच्या घोट्यांवर सूज दिसली आणि रक्तदाब नेहमीपेक्षा वर गेला. मी घाबरले. ‘बघ, म्हणूनच मी नको म्हणत होते,’ हे वाक्य ओठांवर आले आणि दुर्दैवाने बाहेरही पडले. आई गप्प झाली. त्या रात्री ती फक्त दूध पिऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या डॉक्टरांशी दूरध्वनीवर सविस्तर बोलले. लांबचा प्रवास, बसून राहणे, रक्तदाबाची गोळी अशी सुजेची अनेक कारणे असू शकतात, हृदय आणि मूत्रपिंडे आधी पाहून घेतली पाहिजेत, असे ते म्हणाले. तिथल्या डॉक्टरांकडे जाऊन ते केले. काही गंभीर निघाले नाही. मात्र मिठाचा प्रश्न खरा होता. दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभराहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उपाहारगृहातल्या अशा मोठ्या वाडग्याचा सगळा रस्सा प्यायला, तर त्यातले अर्ध्याहून अधिक मीठ एका बैठकीत पोटात जाऊ शकते. शाकाहारी रश्श्यात माशाचा खारा अर्क नसला, तरी सोयाबीनचा सॉस असतो आणि तोही तितकाच खारट. मेजावरच्या गोड-काळ्या सॉसमध्ये तर मीठ आणि साखर दोन्ही.

मी आईजवळ बसले आणि डॉक्टर काय म्हणाले ते तिला सांगितले. आजवर मी तिला फक्त निर्णय सांगत आले होते; कारण प्रथमच सांगत होते. तिने शांतपणे ऐकले. मग म्हणाली, ‘मी रस्सा निम्माच पिईन. आठवड्यातून एकदाच जाऊ. पण जाऊ.’

तसे आम्ही केले. मालकिणीला सांगितल्यावर तिने आणखी गोष्टी सुचवल्या. लहान वाडगा, रस्सा कमी, सॉस वेगळा, टोफू जास्त. टोफू हे पक्क्या पनीरसारखे दिसणारे सोयाबीनचे अन्न. मऊ असते, कवळीलाही चावते आणि त्याच्या घट्टपणानुसार 100 ग्रॅममध्ये साधारण 8 ते 15 ग्रॅम प्रथिने मिळतात. वृद्धांना शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने लागतात. (मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे असते.) आईच्या वजनाला ती 42 ते 50 ग्रॅम होतात, आणि भात-वरण-पेजेच्या आहारात निम्मीही मिळत नव्हती. मी ‘हलके’ म्हणून जे देत होते, ते खरोखरच फार हलके होते.

वाचकांपैकी कोणी आपल्या वडीलधाऱ्यांना असे शेवयांचे सूप देणार असेल, तर काही गोष्टी सांगून ठेवते. कच्चे मोड वृद्धांना देऊ नयेत. त्यांत रोगजंतू वाढलेले असू शकतात. ते उकळत्या पाण्यातून नीट शिजवून काढायला सांगावेत. व्हिएतनामी गिऱ्हाईकही पुष्कळदा असे मागतात, त्यात कोणाला नवल वाटत नाही. वरची कवळी टाळू झाकते, त्यामुळे घास किती गरम आहे ते उशिरा कळते. वाडगा पाच-सात मिनिटे निवू द्यावा. पक्षाघात, कंपवात किंवा स्मृतिभ्रंश यांमुळे ज्यांना गिळताना ठसका लागतो, त्यांच्यासाठी पातळ रस्सा आणि निसरड्या शेवया एकत्र असणे धोक्याचे असते. वाक्-उपचारतज्ज्ञांना विचारल्यावाचून त्यांना ते देऊ नये. रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी चालू असेल, तर हिरव्या पाल्याचे प्रमाण एकाएकी वाढवू नये. मधुमेह असेल, तर तांदळाच्या शेवया भाताइतक्याच मोजून खाव्यात.

ऑगस्टमध्ये पौर्णिमेला आम्ही पुन्हा गेलो. आपल्याकडे ती नारळी पौर्णिमा. व्हिएतनामी पंचांगात तो सातव्या महिन्याचा पंधरावा दिवस होता. त्या दिवशी ‘वू लान’ असते, म्हणजे आई-वडिलांच्या आणि पूर्वजांच्या ऋणाचे स्मरण करण्याचा दिवस. थिक न्यात हान्ह या व्हिएतनामी बौद्ध भिक्षूंनी 1962 मध्ये लिहिलेल्या एका निबंधापासून या दिवशी छातीवर गुलाब लावण्याची प्रथा रूढ झाली. ज्यांची आई आहे त्यांनी लाल गुलाब लावायचा, ज्यांची नाही त्यांनी पांढरा. एरवी मंदिरात दिसणारी फुलांची टोपली त्या दिवशी गल्ल्याजवळही ठेवली होती.

मुलीने अर्थ सांगितला. तिने लाल फूल घेतले. मीही लाल घेतले, आणि साठी ओलांडल्यावरही आपण लाल फूल लावू शकतो, हे ध्यानात येऊन मला क्षणभर बोलवेना. मी आईसाठीही फूल शोधू लागले. तिने माझा हात हलकेच बाजूला केला आणि स्वतः वाकून टोपलीतून पांढरा गुलाब उचलला.

मी सहा दशके आणि वर काही वर्षे आईकडे केवळ ‘आई’ म्हणून पाहत आले होते. तीही कोणाची मुलगी होती, हे मला माहीत होते, पण कधी जाणवले नव्हते. मालकिणीच्या छातीवरही पांढरे फूल होते. 1979 साली, सोळाव्या वर्षी, ती आईबरोबर होडीतून निघाली होती. मलेशियाच्या पुलाव बिडाँग बेटावरच्या निर्वासितांच्या छावणीत काही महिने काढून त्या दोघी अमेरिकेत आल्या. गेल्याच वर्षी ती आई गेली. शेवटची काही वर्षे ती याच दुकानात कोपऱ्यातल्या मेजावर बसून जेवत असे आणि मुलगी कात्रीने शेवया कापून देत असे. हे तिने मोडक्या इंग्रजीत, रस्सा ओतता ओतता सांगितले. माझी मुलगी आजीला ते मराठीत सांगत गेली.

त्या दिवशी वाडगा समोर आल्यावर आई बराच वेळ शेवयांकडे पाहत होती. मग म्हणाली, ‘माझी आई शिरवाळे करायची. तांदळाच्या उकडीचे. लाकडी साचा होता. ती वरून दाबायची आणि मी खाली ताट फिरवायची. नारळाच्या रसात गूळ घालून खायचो. ताट नीट फिरवलं नाही की सगळा गुंता व्हायचा, मग ती ओरडायची.’ ती हसली. ‘पंचावन्न वर्षं झाली तिला जाऊन.’

तिने बाबांच्या जाण्याविषयी एक शब्द काढला नाही. पण पुढचा तासभर ती कोकणातल्या घराविषयी बोलत राहिली. ते घर बंद झाल्यापासून तिने त्याचे नाव घेतले नव्हते. तपासण्यांच्या कागदांत हे दुःख कोठेच उमटले नव्हते. भुकेची कारणे शोधताना आम्ही रक्त तपासले, औषधे तपासली, दात तपासले; तिचे काय काय गेले, हे मात्र तिला कोणी विचारले नव्हते.

‘फो’चा खरा उच्चार ‘फऽ’ असा काहीसा आहे, आणि शेवटी आवाज खाली नेऊन, प्रश्न विचारावा तसा वर चढवायचा असतो. व्हिएतनामी भाषेत त्या स्वराला ‘प्रश्नाचा स्वर’ असेच म्हणतात. आईला तो मालकिणीने शिकवला आणि माझ्यापेक्षा तिलाच लवकर जमला.

आपल्या पंगतीत आग्रहाला मोठे स्थान आहे. आग्रहात माया असते, यात शंका नाही. पण आग्रह करणाऱ्याने पदार्थ आधीच ठरवलेला असतो. आजारी आणि वृद्ध माणसाला आपण दोनच गोष्टी ऐकवतो : ‘हे खा’ आणि ‘ते खाऊ नकोस’. विचारायचे राहून जाते.

पुण्याला परतल्यावर मी रोज सकाळी आईला विचारू लागले, ‘आज काय करू?’ पहिले आठ दिवस तिचे उत्तर होते, ‘काहीही कर.’ ज्याला दीर्घकाळ कोणी विचारलेले नाही, त्याला एकदम उत्तर सुचत नाही. मग मी दोनच पर्याय ठेवू लागले : ‘शिरवाळे की मऊ भात?’ ‘मुगाचं कढण की टोमॅटोचं सार?’ त्याचे उत्तर मिळू लागले. स्मृतिभ्रंश असलेल्यांची काळजी घेणाऱ्यांनीही हे करून पाहावे. दोन वाट्या प्रत्यक्ष समोर धरल्या तर शब्दांचीही गरज पडत नाही. लिंबू, कोथिंबीर, ओले खोबरे आणि मेतकूट मी तिच्या ताटाशेजारी वेगळे ठेवते. काय आणि किती घ्यायचे, ते ती ठरवते. मिठाची वाटी तेवढी ठेवत नाही, आणि का ठेवत नाही, ते तिला ठाऊक आहे.

तीन महिन्यांनी तिचे वजन 43.5 किलो भरले. काही संध्याकाळी ती आजही ताट सरकवते आणि खिडकीशी जाऊन बसते. त्या संध्याकाळी मी आता आग्रह करत नाही. तिच्याजवळ जाऊन बसते.

परवा मुगाचे कढण आणि शिरवाळे केले होते. ओट्याजवळ खिळ्याला टांगलेली कात्री घेऊन मी तिच्या ताटलीशी थांबले आणि तिच्याकडे पाहिले. तिने मान डोलावली. मी कापून दिले आणि नेहमीच्या सवयीने तिचे घास मोजत उभी राहिले.

‘बस,’ आई म्हणाली. ‘तुझं निवतंय. आधी तू जेव.’